सेफ्टी म्हणून अर्बाना-शॅम्पेन धरायचं का? (अर्जाची १ नोव्हेंबर जवळ आली, लवकर सांगा)

प्रेषक: पर्वरीची काकी

नमस्कार सगळ्यांना,
कोजागिरीला बोलणं झालं ते अर्धंच राहिलं (दूध उतू गेलं त्यात) म्हणून इथे विचारतेय. कन्येची अमेरिकेतल्या कॉलेजांची यादी १३ वर आलीय. वर एमआयटी, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट, कॉर्नेल, कार्नेगी मेलन, मग कॅलिफोर्नियाची तीन, बर्कली वगैरे. ती स्वप्नं आहेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. तळाला सेफ्टी, म्हणजे हमखास मिळेल असं, म्हणून एकच लिहिलंय, अर्बाना-शॅम्पेनचं इलिनॉय विद्यापीठ, कंप्युटर सायन्स. का, तर नेटवर ॲक्सेप्टन्स रेट ४४ टक्के दिसतो आणि चान्स काढून देणाऱ्या एका साइटवर तिचे एसएटी या प्रवेश परीक्षेचे १४९० घातले की ६८ टक्के येतात. आमचे हे म्हणतात ६८ म्हणजे फर्स्ट क्लास, झालं काम, आता आणखी ठिकाणी फी कशाला भरायची. मला पटत नाहीय पण काय पटत नाही तेही सांगता येत नाहीय.
बजेट वर्षाला २५ लाख. त्याच्यावर गेलं तर घर विकावं लागेल, आणि घर अजून आजोबांच्या नावावर, सह्या करणारे अकरा जण, त्यातले दोघे लिस्बनला. तेव्हा ते विसरा.

प्रेषक: शिकागोची वहिनी

काकी, तो ४४ आकडा अख्ख्या युनिव्हर्सिटीचा आहे हो. कंप्युटर सायन्सचा तिथला रेट दहाच्या आत. आणि दुसऱ्या विषयाला घुसून मग आतल्या आत बदलू असं मनात असेल तर तो रस्ता जवळजवळ बंदच. सरकारी विद्यापीठ आहे, इलिनॉयच्या मुलांसाठी, आमच्या टॅक्सवर चालतं.
बरं, मिळालं समजा. परदेशी मुलांचा वर्षाचा खर्च ६० हजार डॉलरच्या वर जातो. तुमचे २५ लाख म्हणजे तीस हजारसुद्धा नाहीत. मिळालं तरी जाता येत नाही त्याला सेफ्टी कसं म्हणायचं?
ती साइट फेकून द्या. प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे "कॉमन डेटा सेट" टाकून शोधा, कॉलेजने स्वतः दिलेल्या आकड्यांची पीडीएफ सापडेल. त्यात सी-९ बघा, एसएटीची खालची पंचवीस टक्के मुलं कुठे थांबतात आणि वरची पंचवीस कुठून सुरू होतात ते. सी-७ मध्ये ते लोक कशाला किती महत्त्व देतात ते. पण तुमच्यासाठी खरा रकाना एच-६. बाहेरच्या देशातल्या किती मुलांना त्या वर्षी कॉलेजने पैसे दिले आणि सरासरी किती. तिथे शून्य किंवा पाच-सात मुलं दिसली की समजायचं. आणि सरासरी आकडा तुमच्या खड्ड्याएवढा नसेल तरी समजायचं.

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक

कृपया लक्षात घ्या, शैक्षणिक प्रश्नांसाठी मंडळाची उपसमिती आहे आणि तिचा प्रवेश तक्ताही आहे (लिंक सगळ्यांकडे आहे). आधी तिथे बघावं, मग लिस्टवर यावं. गेल्या वर्षी हॉलच्या विषयावर झालं तसं ७० मेल होऊ नयेत. नरकासुराच्या रात्री हॉलची किल्ली कुणाकडे होती याचं उत्तर अजून आलेलं नाही, तेही या निमित्ताने.

प्रेषक: मडगावचे आबा

काकी, घाबरू नका. बँकेत ३४ वर्षं काढली, थोडं गणित येतं. समजा दहा मोठी कॉलेजं, प्रत्येक ठिकाणी फक्त ५ टक्के. एकही न मिळण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे ०.६०. म्हणजे कुठेतरी लागण्याची शक्यता ४० टक्के! वीस ठिकाणी केला तर ६४. कॉमन ॲपवर, त्या एकत्र अर्जाच्या साइटवर, वीसपर्यंत टाकता येतात ना? मग टाका वीस, तळाशी काही नाही घेतलं तरी चालेल.

प्रेषक: न्यू जर्सीचा भाई

आबा, तुमच्या गणिताला नमस्कार पण ते नाण्याचं गणित आहे, इथे नाणं एकच आणि दहा जण बघतायत. तीच मार्कशीट, तोच निबंध, तेच "पैसे हवेत". एकाला जे खटकलं तेच बाकीच्यांनाही खटकणार. दहा अंगणांत मासळी वाळत घातली म्हणून एका तरी अंगणातली वाळेलच असं नाही ना, पाऊस आला की दहाही भिजतात.
आणि तो ५ टक्के तरी तिचा आहे का? एमआयटीला २०२३ साली २६,९१४ अर्ज होते, १,२५९ जणांना हो म्हटलं. त्यात अमेरिकन आणि परदेशी सगळे आले. परदेशी मुलांची रांग वेगळी, तिच्यासाठी जागा कमी, तिचा आकडा याहून लहानच. एमआयटी, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट हे बाहेरच्या मुलांचेही पैसे न बघता निवडतात, तेवढं बरं, निदान मदत मागितली म्हणून तोटा नाही. कॉर्नेल बघतं. कार्नेगी मेलन तर परदेशी अंडरग्रॅजुएटना मदतच देत नाही, ते आजच काढा. कॅलिफोर्नियाची तीनही काढा. गरजेवर मदत नाही, एसएटी ते लोक बघतच नाहीत म्हणजे तुमचे १४९० पाण्यात, आणि परदेशी मुलाला अर्जाची फी कॅम्पसमागे ९५ डॉलर, तीनचे २८५. एवढ्यात चतुर्थीला गणपतीवर टांगायची अख्खी माटोळी येते.
अर्ली डिसिजनवरही विचारणार होता का? ते बंधन असतं, मिळालं की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत पुरली नाही तर सुटता येतं, पण त्या भरवशावर जाऊ नका.

प्रेषक: फोंड्याची माई

तुमचं सगळं वाचलं. मला एक कळत नाही, पोरगी फर्मागुडीपासून तीसेक किलोमीटरवर राहते. तिथे आयआयटी आहे, इंजिनीअरिंग कॉलेज आहे, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स. सेफ्टी शिकागोच्या शेतात कशाला शोधता? आमच्या धाकट्याच्या वेळी मी जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटतात त्या साइटवरच्या, मागच्या वर्षीच्या ओपनिंग-क्लोजिंग रँका छापून भिंतीला लावल्या होत्या. रँक इतकी, शाखा ही, येतं किंवा येत नाही. रडारड एकाच दिवसात संपली. एनआयटीच्या निम्म्या जागा तर आपल्या राज्यातून बारावी झालेल्यांच्या. काकी, इंजिनीअरिंग कॉलेजसाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला काढून ठेवला का? मामलेदारांकडे जूनमध्ये उभं राहायला जागा नसते.

प्रेषक: दुबईहून

माई, एनआयटीच्या बाबतीत आमच्याकडच्या मुलांना डासा ही परदेशात शिकलेल्यांची प्रवेश योजना आहे, जेईई मेनच्या रँकवरच, आणि आखातातल्या कामगारांच्या मुलांना फीमध्ये सवलत. पण काकींच्या मुलीला नाही, अकरावी-बारावी बाहेर व्हायला लागते. आमच्या फ्लॅटमधल्या दोघांनी त्यासाठीच

(अर्धवट गेला मेल, माफी, गाडीत आहे)

प्रेषक: फोंड्याची माई

मी डासाचं विचारलंच नव्हतं. दाखल्याचं विचारलं.

प्रेषक: शिकागोची वहिनी

माई बरोबर बोलतेय, आणि मी हे सहसा लिहीत नाही. तिकडे रांग दिसते. इकडे माझ्या पुढे किती आहेत आणि आज दार कुणासाठी उघडंय हे कुणी सांगत नाही, यंदा ऑर्केस्ट्राला बासरीवाला हवा असेल तर तो जाईल. म्हणून गोव्यातली एक जागा यादीत धराच, पण त्यासाठी तिला जेईईला बसावं लागेल आणि ती तयारी निबंध लिहिता लिहिता होत नाही. बसतेय का ती?
व्यवस्थापकांना: तक्ता बघितला. त्यात ४१ नावं आहेत आणि ४१ च्या पुढे "मिळालं". एकही "नाही" नाही. काकींनी तो बघितला असता तर अर्बाना-शॅम्पेन ६८ काय, शंभर टक्के वाटलं असतं.

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक

तक्ता स्वेच्छेने भरायचा आहे. "नाही" लिहायला कोणी अडवलेलं नाही. उपसमितीने तीन वर्षं फुकट काम केलं आहे याची नोंद व्हावी.

प्रेषक: दुबईहून

पोचलो घरी. व्यवस्थापकसाहेब, नाही अडवलं, पण लिहिलंही नाही आम्ही. थोरल्याने ११ ठिकाणी केले होते, ९ नकार, एक वेटलिस्ट, आणि एक मिळालं त्याची फी बघून आम्ही दोघं बाल्कनीत जाऊन बसलो. सेफ्टी म्हणून टाकलेल्या दोन ठिकाणीही नाही. त्याला म्हटलं होतं मंडळात सांगायचं, बाबाच्या तब्येतीमुळे इकडेच राहिला. आता भरतो ते रकाने, आज रात्री. लाल रंगाने भरू का?

प्रेषक: मडगावचे आबा

मला तर तुम्ही हळदीकुंकवाच्या वेळी तब्येतीचंच सांगितलं होतं, मी चार महिने तुम्हाला गुळवेलीचा काढा पाठवत होतो!
भाईंनी मासळीचं लिहिलं ते पटलं. वीस सांगितले ते मागे घेतो. तरी गणित चुकलं नव्हतं, गृहीत धरलेलं चुकलं.

प्रेषक: न्यू जर्सीचा भाई

दुबईकर, हिरवा नको, लाल नको, नुसतं साधं लिहा. आणि शेजारी दोन रकाने घाला, विषय कोणता आणि पैसे मागितले होते का. ते नसेल तर "मिळालं"ला काही अर्थ नाही, माझ्या पुतणीला मिळालं ते इथली सिटिझन म्हणून, काकींनी त्यावरून काय ओळखायचं.

प्रेषक: पर्वरीची काकी

सगळ्यांचे आभार, ह्यांनाही वाचून दाखवलं. पहिल्यांदा म्हणाले ह्या लोकांना काय कळतंय, मग एच-६ उघडून बसले ते रात्री दीडपर्यंत. बाहेर वाड्यावरची पोरं नरकासुराच्या पुतळ्याला कागद चिकटवत होती, डीजे चालू, आत हे डॉलरचे रुपये करत बसलेले. त्यांनी आता स्वतःच तक्ता केलाय, तीन रंग. एकाही ठिकाणी ६८ लिहिलेलं नाही.
यादी १२ वर आली. कार्नेगी मेलन गेलं, कॅलिफोर्निया गेलं. अर्बाना-शॅम्पेन राहिलं पण वर सरकलं, सेफ्टीतून काढलं. एच-६ मध्ये बऱ्या आकड्यांची दोन छोटी कॉलेजं आली, नावं आम्ही आधी ऐकली नव्हती, ती म्हणते बर्फात राहीन. तळाला फर्मागुडी. जेईईला बसणार म्हणतेय, तोंड जरा वाकडं करून. माई, दाखल्याला सोमवारी जाते.
आता खरी अडचण वेगळीच निघाली. तिकडच्या लोकांना नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क शाळेच्या सहीने हवेत. नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावीपासून हायर सेकंडरी दुसरी. हायर सेकंडरीचे प्रिन्सिपल म्हणतात नववीचं आम्ही का सही करू, आणि जुन्या शाळेचे हेडमास्तर म्हणतात दहावीचं बोर्डाचं आहेच की, नववीचं रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्ककडे, क्लार्क दिवाळीपर्यंत रजेवर. हे कुणी केलंय का आधी?

प्रेषक: फोंड्याची माई

केलंय. दोन वेगवेगळे कागद चालतात, दोन शाळांचे दोन, प्रिन्सिपलांना नववीवर सही करायला सांगूच नका, फक्त दोन्ही एकत्र अपलोड करायला सांगा. जुन्या शाळेत क्लार्कची वाट बघू नका, शिपायाला विचारा, दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. जाताना नववीची स्वतःकडची मार्कशीट घेऊन जा, नाहीतर रजिस्टर उघडूनही त्यांना तुकडी सापडत नाही.

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक

किल्लीवरून आठवलं. हॉलची?