पाचोळा श्रेडर: सत्रांमध्ये कोण काय सांभाळणार? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-५०१: सर्वांना नमस्कार. पालापाचोळा बारीक करणारं यंत्र आपणच मिळून डिझाइन करायचं आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं, हे मीटिंगमध्ये ठरलं आहे. डिझाइनची सत्रं सुरू व्हायच्या आधी जबाबदाऱ्या वाटून घेऊ. ज्यांना यायचं आहे त्यांनी इथेच सांगा.

बी-२०३: मी आहे. फ्रीकॅड (संगणकावर यंत्रांची ड्रॉइंग काढायचं मोफत सॉफ्टवेअर) येतं. डिझाइन घेतो.

सी-१०२: मीपण डिझाइन. मुलगीही बसेल बरोबर, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

ए-३०४: डिझाइन 👍

बी-६०४: डिझाइनला मीही.

ए-५०१: इतक्या पटकन इतके जण पुढे आले, खूप बरं वाटलं. पण सगळे हात डिझाइनसाठीच वर झालेत आणि मला काळजी तीच आहे. यंत्राचे पाच भाग पडतील: फ्रेम, हॉपर (पाचोळा वरून टाकायचा डबा), पात्यांचा शाफ्ट (फिरणारा दांडा), मोटर-पट्टा आणि वीज. प्रत्येक भागाला माणूस मिळेल. पण एक भाग दुसऱ्याला जिथे जोडला जातो ती जागा कुणाची?

समजा शाफ्टवाल्याने २५ मिमीचा शाफ्ट धरला, म्हणजे यूसीपी २०५ बेअरिंग (शाफ्ट ज्यात फिरतो तो, फ्रेमला बोल्टांनी बसणारा आधार). फ्रेमवाल्याच्या डोक्यात २० मिमी, म्हणजे यूसीपी २०४. दोघांची ड्रॉइंग आपापल्या जागी बिनचूक. पण २०५ च्या दोन बोल्टांमधलं अंतर १०५ मिमी आणि २०४ चं ९५. बेअरिंगच्या केंद्राची उंची एकाची ३६.५, दुसऱ्याची ३३.३. फ्रेमला भोकं पाडून झाल्यावर हे लक्षात आलं तर भोकं वाया जातातच, शिवाय पाती आणि खालची जाळी यांच्यातली फटही तीन मिमीहून जास्त बदलते. चूक कुणाचीच नाही, फक्त त्या दोघांच्या मध्ये कुणी नव्हतं.

म्हणून माझी पहिली मागणी: एक माणूस फक्त सांध्यांसाठी. त्याने एकही पार्ट काढायचा नाही. त्याच्याकडे तक्ता असेल: कुठल्या दोन भागांचा सांधा, कोणती मापं, कधी ठरली. तक्त्यातलं माप बदलायचं असेल तर दोन्ही बाजूंची माणसं हजर हवीत.

बी-२०३: दादा, असेंब्ली फाइलमध्ये, म्हणजे सगळे भाग जोडून दाखवणाऱ्या फाइलमध्ये, हे दिसेलच की. फ्रीकॅड १.० पासून असेंब्लीची सोय आतच आहे. त्यासाठी वेगळा माणूस अडकवून ठेवायचा का?

ए-५०१: दिसेल, पण दोघांचं काढून झाल्यावर दिसेल. तोवर दोघांच्या दोन संध्याकाळी गेलेल्या असतात, आणि फुकट गेलेल्या संध्याकाळीनंतर माणूस परत येत नाही. पगार नसलेल्या कामात मला हे सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. दुसरं, फ्रीकॅडची एकच फाइल दोघांनी एकाच वेळी बदलली तर कोडसारखे ते बदल ओळीनुसार एकत्र करता येत नाहीत, एकाचं काम बाजूला पडतं. तेव्हा एका फाइलला एका वेळी एकच धनी, आणि तो कोण हे सांध्यांच्या तक्त्याशेजारीच लिहिलेलं असेल.

सी-१०२: सॉफ्टवेअरची आवृत्तीही सगळ्यांकडे एकच ठेवा. एअरबस ए३८० च्या वेळी जर्मनी आणि फ्रान्समधले गट एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करत होते. वायरिंग बसवायला गेल्यावर वायरी आखूड पडल्या. २००६ मध्ये विमानं ताब्यात द्यायला जो उशीर झाला त्याचं हे एक मोठं कारण होतं. तिथे पगारी इंजिनिअर होते, तरी असं झालं.

बी-२०३: मान्य. हे माझ्या लक्षात नव्हतं आलं.

ए-७०१: मला संगणकावर काही काढता येत नाही. माझ्यासारखीने फक्त मेसेज वाचायचे का?

ए-५०१: काकू, उलट सगळ्यात जास्त दिवस टिकणारं काम तुम्ही करू शकता. निर्णयांची नोंद. ड्रॉइंगमध्ये '२५ मिमी' एवढंच दिसतं. २५ का, २० का नको, कुणाला पटलं नव्हतं, हे त्यात कुठेच नसतं. नंतर आलेला माणूस तोच प्रश्न पुन्हा काढतो आणि अख्खं सत्र त्यावर जातं. प्रत्येक निर्णयाच्या चार-पाच ओळी पुरतात: प्रश्न काय होता, पर्याय कोणते, काय निवडलं, का, आणि विरोध काय होता. आणि एखादं वाक्य समजलं नाही तर तिथेच थांबवा. तुम्हाला लिहिता येत नसेल तर बोलणाऱ्याचंच ते अजून पक्कं झालेलं नसतं.

ए-७०१: नोकरीत इतिवृत्तं पुष्कळ लिहिली आहेत. घेते हे काम. विरोध नावानिशी लिहायचा का?

ए-५०१: विरोध लिहायचाच. नाव मात्र त्या माणसाला विचारून.

बी-१०१: मी लेथ आणि मिलिंगवर (धातू कापायच्या यंत्रांवर) बरीच वर्षं काढली आहेत. ड्रॉइंग बघून देईन, पण अट आहे, सगळं झाल्यावर दाखवू नका. मधे दाखवा. आतला कोपरा अगदी काटकोनात काढतात, पण फिरणारा कटर तिथे त्याच्या त्रिज्येएवढी गोलाई सोडणारच. वेल्डिंगची खूण करतात, पण वेल्डिंगचा टॉर्च आत जायला वाट नसते. नट दाखवतात, पण पाना फिरवायला जागा नाही. हे स्क्रीनवर कळत नाही.

ए-५०१: काका, अट मान्य. प्रत्येक सत्राची मधली वीस मिनिटं तुमची.

बी-६०४: आणि सुरक्षा? खाली मुलं खेळत असतात. याची जबाबदारी कुणाची ते आधी ठरवा.

सी-३०३: मी घेते. कारखान्यातल्या सुरक्षेचंच काम करते. हॉपरचं उदाहरण देते. आयएसओ १३८५७ या मानकाप्रमाणे तोंड ४० ते १२० मिमी असेल तर हात खांद्यापर्यंत आत जाऊ शकतो असं धरतात, आणि पातं तोंडापासून किमान ८५० मिमी लांब ठेवावं लागतं. हे १४ वर्षांवरच्यांसाठी. लहान मुलांसाठी आकडा याहून कडक आहे. म्हणजे हॉपर किती उंच हवा हे दिसण्यावरून ठरणार नाही. झाकण उघडं असताना मोटर चालूच होऊ नये, आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडूच नये. माझी एकच मागणी: या बाबतीत मी 'नाही' म्हटलं तर काम तिथे थांबेल.

ए-३०४: ताई, तुमच्यावर विश्वास आहे, पण एकाच व्यक्तीला नकाराधिकार? खुलं काम म्हणतो तर बहुमत घेऊ ना.

सी-३०३: रंग, आकार, चाकं लावायची की नाही, यावर खुशाल मतदान घ्या. हात पात्यापर्यंत पोचतो का, हे मोजून कळतं. माझा नकार कारणासकट काकूंच्या नोंदीत जाईल आणि कुणीही तो मोजून खोडून काढावा. खोडून काढला तर मी मागे घेईन.

ए-३०४: ठीक आहे. असं असेल तर माझी हरकत नाही.

सी-१०२: इतके जण फक्त बघणारे आणि लिहिणारे, मग काढणार किती? आपण मोजकेच आहोत.

ए-५०१: मोजके आहोत म्हणूनच. ओपन सोर्स इकॉलॉजी हा प्रकल्प मार्सिन याकुबोव्स्कीने २००३ मध्ये सुरू केला. ट्रॅक्टर, विटांचा प्रेस अशी ५० यंत्रं खुली करायचा त्यांचा संकल्प आहे. त्यांच्या पद्धतीचा गाभा हाच, की यंत्र सुट्या मॉड्यूलमध्ये तोडायचं, म्हणजे वेगवेगळी माणसं एकाच वेळी काम करू शकतात. पण तोडलेलं परत जोडायची जबाबदारी कुणीतरी घेतली तरच तोडण्याला अर्थ आहे. आपण पाच काढणारे, चार सांभाळणारे असलो तरी मला चालेल.

बी-२०३: परवान्याचं काय? म्हणजे आपली ड्रॉइंग इतरांनी कुठल्या अटींवर वापरायची?

ए-५०१: पहिल्या सत्राआधीच ठरवू. नंतर बदलायचा म्हटलं तर ज्यांनी हातभार लावला त्या प्रत्येकाची संमती घ्यावी लागते. माझं मत सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या ओपन हार्डवेअर लायसन्सच्या २०२० मधल्या दुसऱ्या आवृत्तीला, तिच्यातल्या 'एस' प्रकाराला. त्यात सुधारणा करून यंत्र पुढे देणाऱ्याला आपली ड्रॉइंगही खुली करावी लागतात. आणि मूळ फाइलच ठेवायच्या. नुसती एसटीएल (थ्रीडी प्रिंटिंगला वापरतात ती फाइल) दिली तर हातात त्रिकोणांची जाळी येते, माप बदलता येत नाही.

बी-२०३: चालेल. फाइलींची मांडणी आणि रोजची प्रत मी बघतो. फ्रेमही माझ्याकडे.

बी-६०४: मग सांधे मी सांभाळते. डिझाइनमधून नाव काढा. तक्ता सुरू केलाय, पहिली ओळ अशी: शाफ्ट २५ मिमी, यूसीपी २०५, बोल्टांमधलं अंतर १०५. पुलीचं (पट्ट्याच्या चाकाचं) भोक २५, चावीची (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवायच्या पट्टीची) खाच ८ मिमी रुंद. फ्रेम, शाफ्ट, मोटर, तिघांनी होकार कळवा.

बी-२०३: फ्रेम, होकार.

सी-१०२: शाफ्ट, होकार. मुलगी काढेल, मी तपासेन.

ए-३०४: मोटर माझ्याकडे घेतो. शाफ्टच्या बाजूच्या पुलीला होकार. मोटरच्या बाजूची पुली मोटर ठरल्याशिवाय सांगता येणार नाही, ती ओळ तोवर 'खुली' ठेवा.