ऑस्ट्रेलिया राहिलंच की!

अमेरिकन गायक-गीतकार रॉड्रिगेझबद्दल 'त्याला दक्षिण आफ्रिकेबाहेर कुणी ओळखतच नव्हतं' असं म्हटलं जातं. त्याच्यावरचा 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' हा माहितीपट बघून तसंच वाटतं खरं. त्याचा पहिला अल्बम 'कोल्ड फॅक्ट' (१९७०) अमेरिकेत आपटला, पुढच्या वर्षीचा 'कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी'ही चालला नाही, आणि गडी डेट्रॉइटमध्ये पाडकामावर जाऊ लागला. इथवर ठीक. पण १९७९ आणि १९८१ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियात चक्क दौरे केले होते, दुसऱ्या वेळी मिडनाइट ऑइल या तिथल्या रॉक बँडसोबत! सिनेमाने हे सोयीस्करपणे गाळलं. नाहीतर, जिथे तो स्वतःच्याही नकळत स्टार झाला होता त्या दक्षिण आफ्रिकेतल्या १९९८ च्या दौऱ्याचा चमत्कार फिका पडला असता. (ऑस्कर मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही.) बाकी मला विचाराल तर दुसरा अल्बम जास्त मुरलेला आहे. 'कॉज' हे गाणं त्यातलंच.