जपानीत 'गोंगाट': उरुसाइ, सावागाशी की निगियाका?

प्रश्न: जपानी शिकते आहे. शब्दकोशात उरुसाइ, याकामाशी, सावागाशी या तिन्हींपुढे 'गोंगाटाचा' एवढंच दिलंय. फरक काय? आणि उरुसाइच्या कांजीत (चिनीतून आलेल्या अर्थचिन्हांत) माशी कुठून आली?

प्रतिसाद १: आवाज किती मोठा, यापेक्षा तो ऐकणाऱ्याला कसा लागतो हे बघा. उरुसाइमध्ये वैताग आधी येतो. रात्री नळ टपटपत राहिला तरी तो उरुसाइ. नुसतं "उरुसाइ!" म्हणजे "गप बस!", तेव्हा थोरामोठ्यांसमोर तोंडातून जाऊ देऊ नका. आवाज नसतानाही हा शब्द चालतो: 'आजि नि उरुसाइ' म्हणजे चवीच्या बाबतीत फार चोखंदळ. याकामाशीही याच घरातला, त्यात कटकटीची आणि कडक शिस्तीची छटा येते. सावागाशी हे जास्त करून वर्णन आहे: दंगा करणारा वर्ग, गजबजाटाचा रस्ता, किंवा अस्वस्थ झालेला समाजसुद्धा.

आता माशी. उरुसाइ 'पाच', 'महिना' आणि 'माशी' अशा तीन कांजींनी लिहितात. उच्चाराशी त्यांचा संबंध नाही, कांजी केवळ अर्थावरून बसवल्या आहेत. पाचवा म्हटल्यावर आपल्याला श्रावण आठवेल, पण जुनं जपानी वर्ष साधारण आपल्या माघात सुरू व्हायचं. म्हणजे हा जवळपास ज्येष्ठ, तिकडचा पावसाळा, माश्या घोंघावण्याचे दिवस. इ.स. ७२० च्या 'निहोन शोकी' या जपानच्या इतिहासग्रंथातही या महिन्यातल्या माश्यांची उपमा आहे. मला ही कांजी फार आवडते, पण रोजच्या लिखाणात हिरागानाच (उच्चाराप्रमाणे लिहायची जपानी लिपी) बरी.

सावागाशीच्या कांजीत डावीकडे घोडा आहे. जुन्या रूपात उजवीकडे पिसू होती. पिसू चावून बिथरलेला घोडा अशी फोड सांगतात. लक्षात ठेवायला ती छान, मात्र उजवा भाग मुळात या कांजीच्या 'सो' या चिनीवरून आलेल्या दुसऱ्या उच्चारासाठी आलेला आहे.

प्रतिसाद २: यात निगियाका हवाच. जत्रा, बाजार, भरलेलं घर, म्हणजे हवीहवीशी गजबज. पण शेजारच्या बाई हसून "मुलांमुळे घर अगदी निगियाका असतं हं तुमचं" म्हणाल्या, तर आवाज कमी करा असंही सुचवत असतील.

काशिमाशी तीन 'स्त्री' एकत्र काढून लिहितात. तीन बायका जमल्या की कलकलाट, अशी म्हणही आहे. ही कांजी ओळखता यावी, पण लिहू नये असं माझं ठाम मत आहे. त्याच धर्तीवर तीन 'गाड्या' म्हणजे तोदोरोकु, गडगडणे. ती मात्र जरूर शिका.

प्रश्नकर्ती: खूप आभार! इमारतीच्या सूचनाफलकावर काय लिहितात?

प्रतिसाद १: 'सोओन', म्हणजे त्रासदायक आवाज. १९६८ च्या ध्वनिनियंत्रण कायद्याच्या नावातही हाच शब्द आहे. रेडिओतल्या खरखरीला 'झात्सुओन' म्हणतात. फलकावर उरुसाइ लिहिलं तर ते भांडण वाटेल.