मदत हवी आहे: खर्चीची थकलेली मजुरी कशी वसूल करायची?

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचे साधे यंत्रमाग आहेत, खर्चीवर चालतात, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, आम्ही मजुरीवर कापड विणून देतो. नोटाबंदी, जीएसटी, मग 2020 चं लॉकडाऊन. त्यातून धंदा अजून सावरलेला नाही. चालू माग भंगाराच्या भावात जाताना बघून पोटात कालवतं. व्यापारी बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) देतो, कापड वेळेत उचलतो, मजुरीचं मात्र ‘पुढच्या आठवड्यात बघू’. वीजबिल आणि कामगारांचा पगार काही थांबत नाही.

2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. आमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी ‘समाधान’ पोर्टलवर कुणी तक्रार केली आहे का? पैसे खरंच हातात आले का? आणि तक्रारीनंतर बाकीच्या व्यापाऱ्यांनीही बीम देणं बंद केलं तर काय करायचं? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.