मदत हवी आहे: जिवाणूंचं चित्र रेझिनमध्ये बसवायचंय

मी चित्रकार, सोबत मायक्रोबायोलॉजीची मैत्रीण. पेट्री डिशमध्ये सेराशियाच्या लाल आणि मायक्रोकॉकसच्या पिवळ्या वसाहतींनी संत्र्याची फोड रंगवली. सेराशिया २८ अंशांना झकास लाल होतो, ३७ ला पांढराच उगवतो; आणि नागपूरचा मे तुम्हाला ठाऊक आहे, कूलरसुद्धा हात टेकतो. म्हणून सगळं लॅबच्या इनक्युबेटरमध्येच वाढवलं.

आता प्रदर्शन. हॉलला एसी नाही, आणि जिवंत जिवाणू लॅबबाहेर न्यायचे नाहीत. फॉर्मालिनच्या वाफेने मारले (नंतर नमुना लावून पाहिला, काही उगवलं नाही), वर इपॉक्सी रेझिन ओतलं. अगरच्या (डिशमधली जेली, जिच्यावर जिवाणू वाढतात) ओलीने ते दुधाळ झालं, कडा सुटल्या. फोटो लावा म्हणू नका, तो आहेच. रेझिन ओतण्याआधी लाल रंग न उडवता, तडे न जाता अगर वाळवायचा कसा?