मदत हवी आहे: अमेरिकेत कायदेशीर टॉमी गन विकत घ्यावी, की भाड्यानेच चालवावी?

नमस्कार. मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो, व्यवसायाने यंत्र अभियंता आहे आणि काही वर्षांपूर्वी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे. दुसऱ्या महायुद्धातील थॉम्पसन सबमशिनगन, म्हणजे जुने फौजी जिला टॉमी गन म्हणत ती, कायदेशीर मार्गाने विकत घेण्याचा विचार बरेच दिवस मनात आहे. रक्कम मोठी आहे आणि एकदा घेतलेली ही वस्तू सहजासहजी विकताही येत नाही, म्हणून या कागदपत्रांतून स्वतः गेलेल्या मराठी मंडळींचा सल्ला हवा आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार स्वयंचलित शस्त्रे सामान्य नागरिकाला वर्ज्यच आहेत, त्यामुळे पुण्यातील माझ्या नातेवाइकांचा तर असे काही कायदेशीर असू शकते यावरच विश्वास बसत नाही. तेव्हा आधी मला समजलेली पार्श्वभूमी मांडतो; जाणकारांनी चुकेल तेथे दुरुस्त करावे.

दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर १९३४ मध्ये अमेरिकेने नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट केला. त्याने मशिनगनवर बंदी घातली नाही. प्रत्येक बंदुकीची केंद्र सरकारकडे नोंदणी आणि प्रत्येक हस्तांतरणावर २०० डॉलर्स कर अशी अट घातली. त्या काळी नव्या थॉम्पसनची किंमतच जवळजवळ तेवढी होती, म्हणजे कर हीच एक प्रकारची बंदी होती. तो कर अद्याप २०० डॉलर्सच आहे. २०२६च्या आरंभापासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरील कर शून्य झाला, मशिनगनवरील मात्र तसाच राहिला. पण आजच्या किमतींचे मूळ या करात नसून १९८६च्या कायद्यात आहे. न्यू जर्सीचे प्रतिनिधी विल्यम ह्यूज यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे १९ मे १९८६ नंतर तयार झालेली मशिनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाही. त्या तारखेपूर्वी नोंदवलेल्या आणि नागरिकांमध्ये हस्तांतरित होऊ शकणाऱ्या बंदुका देशभरात सुमारे पावणेदोन लाख आहेत. त्यांत भर पडणे शक्य नाही, घट मात्र होत राहते.

याचा परिणाम असा की आपण पैसे लोखंडाचे देत नाही, नोंदणी क्रमांकाचे देतो. थॉम्पसनच्या बाबतीत हे विशेष जाणवते. १९३९ मध्ये अमेरिकी सरकारला ही बंदूक २०९ डॉलर्सला पडत होती आणि १९४४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती एम१ए१ सुमारे ४५ डॉलर्सला तयार होत होती. आज त्याच एम१ए१साठी मला साधारण पंचवीस ते तीस हजार डॉलर्स सांगितले जात आहेत. १९२१ मध्ये कोल्टने घडवलेल्या मूळ बंदुकांच्या किमती त्याच्याही बऱ्याच वर आहेत. स्वस्तात घ्यायचे तर मॅक किंवा एम११ ही साधी छोटी सबमशिनगन मिळते, तीही दहा हजारांच्या आसपास, आणि नोंदणीकृत एम१६ रायफल तर थॉम्पसनलाही मागे टाकते. या किमती ऐकून बहुतेक लोक विषय सोडून देतात, आणि ते मला समजते.

मी तो सोडू शकत नाही, याला दोन कारणे आहेत. पहिले माझ्या पेशाचे आहे. थॉम्पसनच्या १९२८च्या आवृत्तीत ब्लिश लॉक नावाचा काशाचा एक तुकडा असतो. गोळी सुटताना बंदुकीचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, लगेच मागे जाऊ नये हे त्याचे काम. मोठ्या दाबाखाली दोन भिन्न धातूंचे तिरके पृष्ठभाग एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, या सिद्धांतावर तो आधारला होता. युद्धात उत्पादन वाढवताना सॅव्हेज कंपनीच्या अभियंत्यांनी तो तुकडा काढून टाकला, जड बोल्टच्या वजनावर काम भागवले आणि बंदूक पूर्वीइतकीच विश्वासाने चालली. एखाद्या रचनेतला सर्वांत नावाजलेला भाग अनावश्यक होता हे इतक्या स्वच्छपणे सिद्ध झाल्याची उदाहरणे माझ्या क्षेत्रात फार थोडी आहेत, आणि ते यंत्र हातात घेऊन, उघडून, चालवून पाहण्याची ओढ चित्रांनी भागत नाही.

दुसरे कारण आजोळचे आहे. माझे आजोळ रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील त्यांची तुकडी जवळून आलेल्या मशिनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. ते एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले, हातबॉम्बने ती मशिनगन निकामी केली, टॉमी गनने एकाला टिपले आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर तिच्या दस्त्याचे प्रहार केले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. वय अवघे बावीस होते. माणगावात त्यांचा पुतळा आहे. सुमारे पाच किलोची ती बंदूक मी नेमबाजीच्या एका रेंजवर उचलली, तेव्हा तिचा असा वापर करणे म्हणजे काय असेल याची थोडी कल्पना आली.

ती चालवण्याचा आनंदही आहे, आणि तो मी लपवणार नाही. मिनिटाला साधारण साडेसहाशे गोळ्यांच्या वेगाने तीस गोळ्यांचे मॅगझिन तीन सेकंदांच्या आत संपते, पण तिच्या वजनामुळे नळी फारशी उसळत नाही आणि दोन-तीन गोळ्यांच्या छोट्या फैरी झाडायला शिकता येते. मला त्या कौशल्याची गोडी लागली आहे. तिला लागणारी पॉइंट फॉर्टी-फाइव्हची (०.४५ इंच व्यासाची) गोळी सध्या चाळीस ते पन्नास सेंटला पडते, म्हणजे तीन सेकंदांचे बारा ते पंधरा डॉलर्स होतात. रेंजवर भाड्याने चालवल्यास गोळ्यांसह एका मॅगझिनचे पन्नास-साठ डॉलर्स पडतात. महिन्याला दोन मॅगझिन भाड्याने चालवली, तरी बंदुकीच्या किमतीइतका खर्च व्हायला वीस वर्षे लागतील. हा हिशेब खरेदीच्या विरुद्ध जातो. बाजूने एवढेच म्हणता येते की आजवर किमती वाढत आल्या आहेत, त्यामुळे पैसे बुडाले असे होत नाही. परंतु ज्या कायद्याने ही किंमत निर्माण केली, तो न्यायालयाने किंवा अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, उद्या बदलला, तर ती कोसळेल हेही उघड आहे. म्हणून मी याला गुंतवणूक मानत नाही.

आता मला नेमके विचारायचे आहे ते असे. नोंदणी वैयक्तिक नावाने करावी की ट्रस्टच्या नावाने? माझ्या पत्नीचा विरोध नाही, पण मी घरी नसताना तिजोरीच्या किल्ल्या तिच्याकडे असतील तर ती कायद्याच्या कचाट्यात येईल का, हा तिचा रास्त प्रश्न आहे. आमची मुलगी बारा वर्षांची आहे. तिला ही बंदूक चालवू देणे कितपत सुरक्षित, आणि माझ्या पश्चात ती मुलीकडे जाऊ शकते का? पुढच्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ पुण्याहून पर्यटक व्हिसावर येणार आहे. त्याला माझ्या देखरेखीखाली ती चालवता येईल का? आणि खरेदीत फसगत होऊ नये म्हणून काय तपासावे? आगाऊ आभार.

प्रतिसाद १

नमस्कार. मी ॲरिझोनात राहतो आणि माझ्याकडे बरीच वर्षे उझी नावाची एक नोंदणीकृत सबमशिनगन आहे, त्यामुळे अनुभवाने लिहितो.

ट्रस्ट करावा. वैयक्तिक नोंदणीत ती बंदूक फक्त आपल्याच ताब्यात असू शकते; आपण गावाला गेला असताना पत्नीला तिजोरी उघडता येत असेल तर अडचण उद्भवू शकते. ट्रस्टमध्ये पत्नीला विश्वस्त केले की हा प्रश्न मिटतो. २०१६च्या नियमांनुसार प्रत्येक जबाबदार विश्वस्ताचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात, एवढेच काम वाढते. मुलीला विश्वस्त न करता लाभार्थी ठेवावे. मालकाच्या निधनानंतर कायदेशीर वारसाकडे होणाऱ्या हस्तांतरणावर २०० डॉलर्सचा कर लागत नाही, अर्ज मात्र करावा लागतो.

खर्चाच्या आपल्या हिशेबात काही गोष्टी राहिल्या आहेत. दुकानदाराकडून घेतल्यास डॅलसमध्ये सव्वाआठ टक्के विक्रीकर लागेल. तीस हजारांवर तो जवळजवळ अडीच हजार होतो. परराज्यातील खासगी मालकाकडून घेतल्यास बंदूक आधी आपल्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडे आणि मग आपल्याकडे येते, म्हणजे २०० डॉलर्स दोनदा भरावे लागतात. साध्या घरविम्यात शस्त्रांच्या चोरीची भरपाई सहसा अडीच हजारांच्या आसपास थांबते, तेव्हा वेगळा विमा हवाच. पैसे आधी पूर्ण द्यावे लागतात आणि फॉर्म फोर, म्हणजे हस्तांतरणाचा अर्ज, मंजूर होईपर्यंत बंदूक विक्रेत्याकडेच राहते. पूर्वी यात आठ-दहा महिने जात, २०२४ पासून ऑनलाइन अर्ज काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतही मंजूर होऊ लागले. ती घेऊन दुसऱ्या राज्यात जायचे असेल तर एटीएफची, म्हणजे शस्त्रांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय खात्याची, लेखी पूर्वपरवानगी लागते; कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर नेताच येत नाही.

तपासणीबद्दल सांगायचे तर सर्व लक्ष रिसीव्हरवर, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर, द्यावे, कारण नोंदणी त्याचीच असते. बोल्ट, स्प्रिंग, लाकूड, नळी हे सर्व बदलता येते. रिसीव्हर नष्ट झाला तर त्या नोंदणीवर नवा करता येत नाही. युद्धानंतर निकामी करून विकलेल्या आणि पुढे पुन्हा चालू केलेल्या काही थॉम्पसन बाजारात आहेत. त्या कायदेशीर असतात, पण वेल्डिंगच्या खुणा बारकाईने पाहाव्यात आणि त्यानुसार किंमत कमी द्यावी. रिसीव्हरवरील क्रमांक आणि नोंदणीपत्रावरील क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट हर्ली येथे १९७५ नंतर बनलेल्या थॉम्पसन स्वस्त पडतात, पण त्यांच्या घडणीबद्दल तक्रारी बऱ्याच आहेत.

मुलीबद्दल मी कळकळीने लिहितो. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये आठ वर्षांचा मुलगा मायक्रो उझी चालवताना मृत्युमुखी पडला, आणि २०१४ मध्ये येथे ॲरिझोनात नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातील उझी उसळून प्रशिक्षकाचा जीव गेला. थॉम्पसन जड आहे आणि तिची उसळी कमी आहे हे खरे, पण तिचे वजनच बारा वर्षांच्या मुलीला पेलणार नाही. तिला आत्ता छोट्या, हलक्या गोळीच्या साध्या पॉइंट टू-टू रायफलवर शिकवावे.

प्रतिसाद २

आपल्या बंधूंबद्दल फक्त लिहितो, कारण या बाबतीत आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. ग्रीन कार्डधारकावर बंधन नाही, परंतु पर्यटक, विद्यार्थी किंवा एच-वन-बी व्हिसावर आलेल्या व्यक्तीला अमेरिकेत बंदूक किंवा गोळ्या ताब्यात घेण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणे हाही ताबाच होतो. शेजारी मालक उभा असल्याने त्यात फरक पडत नाही. ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो, त्यांना ही मनाई लागू होत नाही, म्हणून लास व्हेगासमध्ये युरोपीय पर्यटक मशिनगन चालवताना दिसतात आणि आपण समजतो की सर्वांनाच चालते.

याला काही अपवाद आहेत. त्यांतला नेहमी वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे. परराज्यातील आणि परदेशातील व्यक्तींनाही तो विकत मिळतो. पण बंधूंनी असा परवाना काढण्यापूर्वी आपण या विषयातील वकिलाला विचारावे, कारण मनाई असलेल्या व्यक्तीच्या हाती जाणूनबुजून बंदूक देणे हा देणाऱ्याचाही गुन्हा आहे.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पत्नीने हे प्रतिसाद वाचले आणि ट्रस्टला ती तयार आहे. मुलीच्या बाबतीत आपला सल्ला तंतोतंत पाळणार आहे. भावाला मी आजच कळवले की वकिलाने लेखी होकार दिल्याखेरीज तो रेंजवर येईल, पण बंदुकीला हात लावणार नाही.

विमा आणि विक्रीकर धरून पुन्हा आकडेमोड केली तेव्हा एकूण रक्कम पस्तीस हजारांच्या जवळ जाते. तरीही घ्यायची हे आता जवळजवळ नक्की केले आहे, आणि वेस्ट हर्लीची स्वस्त बंदूक न घेता युद्धकाळातीलच घ्यायची, कारण मला जे पाहायचे आहे ते त्याच काळच्या कारखान्यातल्या कामात आहे. मात्र एक प्रश्न उरतो. ब्लिश लॉक असलेली १९२८ची आवृत्ती आणि तो काढून टाकलेली एम१ए१, या दोन्हींपैकी एकच परवडणार आहे. दोन्ही चालवलेल्या कुणी, विशेषतः दोन्ही उघडून साफ केलेल्या कुणी, त्यांच्या झिजेबद्दल आणि सुट्या भागांच्या उपलब्धतेबद्दल लिहिले तर निर्णय घेता येईल. टेक्सासमध्ये असे ट्रस्ट करून देणारा विश्वासू वकील माहीत असल्यास कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.