समुद्रात पाया घालतात, ठोकतात की रोवतात?

भाषांतरी
एका मासिकासाठी डेन्मार्कच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवरचा लेख मराठीत करतेय. ‘पाया’पाशी संपादकांनी अडवलं. माझं वाक्य होतं, ‘हॉर्न्स रेव्ह इथे २००२ साली ८० पवनचक्क्यांचे पाये घालण्यात आले.’ त्यांचं म्हणणं असं की पाया खणतात आणि भरतात. इथे ना कुणी खणलं, ना भरलं. चार मीटर व्यासाचा पोलादी नळा हातोड्याने वाळूत ठोकला, त्याला पाया कसं म्हणायचं? त्यांनी सरसकट ‘आधारस्तंभ’ केलंय. तो शब्द वाचला की मला एखाद्या पतसंस्थेचे दिवंगत अध्यक्षच दिसतात. काय करू? पुढे लेखात ‘मोनोपाइल’ (म्हणजे हाच एकटा ठोकलेला नळा), ‘जॅकेट’ (तळावर उभा केलेला, पाय असलेला पोलादी सांगाडा) आणि ‘स्कावर’ (पायाभोवतीची वाळू पाण्याने वाहून जाणं) हेही आहेत. त्यांचीही सोय लागली तर बरं.

ओळंबा
मुंबईत भरावाच्या जमिनीवर उंच इमारत उभी राहते ती पाइलवरच, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर. तिथला मुकादम ‘पायाचं काम चालू आहे’ असंच सांगतो. वरचा भार जमिनीत पोचवतो तो पाया. खणला की ठोकला, ही झाली पद्धत. ‘घालण्यात आले’ मात्र मलाही खटकलं. ‘ठोकले’ म्हणा, विषय संपला.

जाता जाता : पवनचक्कीच्या पायाला वजनाचं फारसं दुखणं नसतं. वारा वरच्या टोकाला ढकलतो, लाटा मधे ढकलतात, आणि हे सगळं तळाशी कलथवण्याचा जोर होऊन येतं. म्हणून नळा रुंद करत न्यावा लागतो. हॉर्न्स रेव्हला चार मीटर पुरले. आता दहा मीटर व्यासाचे, दोन हजार टनांचे नळे ठोकतात. आत बैलगाडी वळवता येईल.

शुद्धमती
‘मोनोपाइल’ला ‘एकस्तंभ’, ‘स्कावर’ला ‘तलक्षरण’. भाषेत शब्द घडवण्याची ताकद असताना मुकादमाच्या तोंडाकडे बघण्याची गरज नाही.

फुकटचा सल्ला
‘एकस्तंभ’ नको म्हणून कुणी ‘एकखांबी’ करेल आणि वाचकाला वाटेल की डेन्मार्कची वीज एकखांबी तंबूवर चाललीय. ‘तलक्षरण’ ऐकून मला त्वचारोगतज्ज्ञाची पाटी आठवली.

खाडीकाठ
समुद्राच्या तळात काहीतरी उभं ठोकायचं आणि त्याने पाण्याची ओढ सोसायची, याला आमच्याकडे आयता शब्द आहे : खुंट. अर्नाळा, वसई, उत्तनकडे बोंबील-जवळ्यासाठी डोल, म्हणजे पिशवीसारखी जाळी, लावतात ती खुंटाला बांधून. खुंट रोवतात. ‘घालतात’ किंवा ‘उभारतात’ असं कुणी म्हणत नाही. आखूड असेल तर त्याला सुस म्हणतात. तुमचा मोनोपाइल म्हणजे पोलादाचा खुंट. ज्यांचा समुद्राशी रोजचा संबंध आहे त्यांना विचारायचं सोडून संस्कृतच्या दारात कशाला जायचं?

शुद्धमती
खुंटाला गुरं बांधतात. दात पडला की खुंट राहतो. वाढ थांबली की खुंटते. इतकी ओझी असलेला शब्द दोन हजार टनांच्या रचनेला द्यायचा?

खाडीकाठ
स्तंभावर विजयाचे शिलालेख कोरतात. त्याचं ओझं चालतं वाटतं?

उत्तरवारा
मी डेन्मार्कमध्ये, जटलंडला राहतो, एस्बियर्ग बंदरातून या कामावर जातो. इथे सगळे सरळ ‘फुंडामेंट’ म्हणतात, ठोकलेला असो वा टेकवलेला. ‘खुंट’ मला आवडला, पण तो सगळ्यांना लागू होणार नाही. विंडेबी घ्या. १९९१, जगातलं पहिलं सागरी पवनक्षेत्र, ४५० किलोवॅटच्या ११ पवनचक्क्या. तिथे काहीच ठोकलं नव्हतं. काँक्रीटच्या पोकळ पेट्या तळावर बसवल्या, त्यांत भर घातली, आणि त्या स्वतःच्या वजनाने बसून राहिल्या. २०१७ मध्ये क्षेत्र मोडलं तेव्हा त्याही काढल्या. कोपनहेगनसमोर मिडेलग्रुंडेनला २००० साली अशाच पायांवर २० पवनचक्क्या आल्या. म्हणजे संपादकांची ‘भरण्याची’ अट इथे पुरी होते बघा!

माझी वाटणी अशी : बैठा पाया, खुंटपाया, आणि जॅकेटला चौपाई.

निवृत्त तेलकट
जॅकेटला हात लावू नका. मुंबईसमोरच्या समुद्रात, मुंबई हायला, १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या जहाजाला तेल लागलं, मागोमाग आमचे प्लॅटफॉर्म उभे राहिले, तेव्हापासून जॅकेट हा मराठी शब्द आहे. रत्नागिरीचा वेल्डर आणि अलिबागचा खलाशी दोघंही ‘जॅकेट बसलं का?’ असंच विचारायचे. चौपाईत आम्ही रामायण ऐकतो. शिवाय पाय तीनही असतात, मग तिपाई म्हणणार? त्यावर चहा ठेवतात.

आमच्याकडे जॅकेट आधी तळावर उभं करायचं आणि पाइल त्याच्यामधून ठोकायचे. पवनचक्कीवाले बऱ्याचदा उलट करतात : साचा ठेवून पाइल आधी ठोकतात, मग वरून जॅकेट आणून त्यात बसवतात. स्कॉटलंडच्या बिअट्रिस क्षेत्रात ८४ पवनचक्क्या जॅकेटवर उभ्या आहेत, ५० मीटरच्या आसपास पाण्यात.

ओळंबा
सगळ्यांचं एकच चुकतंय. पाया संपतो कुठे, हे आधी ठरवा. घराचा पाया जमिनीत, जमिनीवर जोतं, जोत्यावर भिंत. समुद्रात जमीन म्हणजे तळ. मग तळापासून पाण्याबाहेर येईपर्यंतचा नळा पाया कसा? सागरी पवनचक्क्यांचं आंतरराष्ट्रीय मानक ६१४००-३ हेच सांगतं : तळात रुतलेला भाग वेगळा, तळ ते मनोरा हा भाग वेगळा, त्यावर मनोरा. बोलताना मात्र लोक पहिले दोन एकत्र करून ‘फाउंडेशन’ म्हणतात. मोनोपाइलमध्ये दोन्ही कामं एकच नळा करतो, म्हणून हा घोळ. मराठीत जोतं हा शब्द असताना आपण तो घोळ उसना का घ्यावा?

उत्तरवारा
जोतं! मग तो पिवळा भाग जोतं. मोनोपाइलच्या डोक्यावर पिवळा रंगवलेला जोडनळा असतो, त्याला शिडी, बोट लावायची जागा, वर चौथरा. मनोरा त्यावर बोल्टने बसतो. जुन्या पद्धतीत हा नळा मोनोपाइलवर टोपीसारखा चढवून मधल्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरत. २००९-१० च्या सुमारास लक्षात आलं की उत्तर समुद्रातल्या बऱ्याच ठिकाणी ते ग्राउट धरत नाहीये आणि जोडनळे खाली घसरताहेत. त्यानंतर जोड निमुळता करू लागले, किंवा बोल्टवर भिस्त ठेवू लागले.

फुकटचा सल्ला
जोतं खचलं, असं मराठीत आधीपासूनच म्हणतात. चला, एक शब्द मिळाला.

शुद्धमती
रोवण्याबद्दल इतकं चाललंय म्हणून सांगते. शास्त्रात ‘स्थूणानिखनन न्याय’ आहे. खांब रोवताना तो पुन्हापुन्हा हलवून हलवून खाली दाबतात, म्हणजे पक्का बसतो. तसं आक्षेप घेऊन घेऊन सिद्धांत पक्का करायचा. मोनोपाइलला ‘स्थूणा’ म्हणा. अर्थ नेमका, ओझं शून्य.

ओळंबा
ओझं शून्य, कारण वापरणारेही शून्य. आणि हातोड्याने ठोकताना हलवत नाहीत.

उत्तरवारा
हलवतात. जर्मनीच्या हेलिगोलँड बेटाजवळच्या कास्कासी क्षेत्रात २०२२ मध्ये नळे थरथरवून पूर्ण खोलीपर्यंत उतरवले. एक कारण आवाज. हातोड्याचा दणका पाण्यात फार लांब जातो आणि पोर्पॉइज, म्हणजे डॉल्फिनचे छोटे भाऊबंद, त्याने हैराण होतात. जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा आहे, त्यासाठी ठोकताना भोवती बुडबुड्यांचा पडदा सोडावा लागतो. शुद्धमतीताई, तुमचा न्याय चालतो इथे. फक्त पाया एकदा बसल्यावर लाटा तो पंचवीस वर्षं हलवत राहतात, आणि त्या हलवण्याने तो पक्का होईलच याची खात्री कुणी अभियंता देणार नाही.

भाषांतरी
सगळ्यांचे आभार, पण ‘स्कावर’ राहिलंच. आणि आता लेखात स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचं हायविंड आलंय : २०१७, पाच पवनचक्क्या, शंभर मीटर खोल पाण्यात तरंगणाऱ्या. साखळ्यांनी तळाशी बांधलेल्या. त्याला पाया म्हणायचं?

निवृत्त तेलकट
तरंगतंय ते जहाज. जहाजाला नांगर असतो, पाया नसतो. पुढे.

खाडीकाठ
स्कावरला कशाला अडता? नळ्याला पाणी आपटतं, बुडाशी भोवरा होतो, वाळू निघून जाते, खळगा पडतो. मराठीत म्हणतातच : पायाखालची वाळू सरकली.

ओळंबा
वा! हे खरं. नेहमीचा अंदाज असा की मऊ वाळूत खळगा व्यासाच्या सव्वा-दीडपटीपर्यंत खोल जातो. म्हणून आधी बारीक खडीचा थर, वर मोठे दगड. पण तुमच्या म्हणीत ‘पायाखालची’ हे पाय या शब्दाचं रूप आहे, पाया या शब्दाचं नव्हे.

खाडीकाठ
दोन्हींचं तेच रूप होतं. आणि शब्द तरी वेगळे कुठे आहेत?

शुद्धमती
पाय संस्कृत ‘पाद’वरून आलाय. ‘पाया’ फारसी असल्याचं सांगतात, म्हणूनच मी तो टाळते. ‘अधिष्ठान’ म्हणा.

फुकटचा सल्ला
फारसी ‘पाया’ आणि संस्कृत ‘पाद’ ही एकाच मुळाची भावंडं आहेत. भावाला घराबाहेर काढून काय मिळवणार? आणि पायरी, पायंडा, पायथा यांचं काय करणार?

निवृत्त तेलकट
आमच्या आजीच्या मते विहिरीची जागा पायाळू माणसाने दाखवायची. मी लहानपणी समजायचो, पाया खणताना पाणी लागतं ते सांगणारा तो पायाळू.

खाडीकाठ
पायाकडून जन्मलेला तो पायाळू, पाया या शब्दाशी काही संबंध नाही. त्याला विजेचं भय असतं म्हणतात, आमच्याकडे पावसाळ्यात होडीवर घेत नसत.

शुद्धमती
संबंध नाही हे कशावरून? ‘आळू’ प्रत्यय दयाळू, कृपाळू, झोपाळू असा गुणाला लागतो. ‘पाय’ हा गुण आहे का?

ओळंबा
मग ‘पाया’ हा गुण आहे का?